इंग्लंडमधल्या खेड्याचा इतिहास काढायचाय? आधी नकाशा घ्या

नॉटिंगहॅमला राहायला आले त्याच हिवाळ्यात मला लॅक्स्टन गावाचं वेड लागलं. वडील तलाठी, त्यामुळे गाव म्हटलं की माझा हात आधी नकाशाकडे जातो. इथेही तेच करा. बरेच जण थेट १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजानं करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत, उडी मारतात. तिथे काय मिळतं, तर गाव आधी टोकी नावाच्या माणसाचं होतं, आता जेफ्री अल्सेलिनचं आहे. एवढ्यावर गाव कळत नाही.

लॅक्स्टनसाठी १६३५ चा नकाशा घ्या. मार्क पियर्सनं मोजणी करून काढलेला, मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत. लांबट पट्ट्यापट्ट्यांची शेतं, त्यात नांगर धरलेली इवलीशी माणसं. सोबतच्या मोजणीवहीत कुठली पट्टी कोण कसतो ते लिहिलंय. सातबाराच म्हणा ना! त्याची छापील प्रत घेऊन वेस्ट फील्ड, साउथ फील्ड, मिल फील्ड पायी फिरा. तिन्ही आजही पट्ट्यांनीच कसली जातात.

आता कागद. पॅरिश आणि मॅनर एक समजू नका. पॅरिश ही चर्चची हद्द, मॅनर म्हणजे जमीनदाराची मालकी आणि त्याचं कोर्ट. दोन्हींच्या सीमा जुळतीलच असं नाही, आणि दप्तरंही वेगळी. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ चा. ती रजिस्टरं काउंटीच्या अभिलेखागारात बघा. मॅनरचे कागद मात्र मालकामागून फिरतात. ते कुठे आहेत हे नॅशनल आर्काइव्ह्जच्या मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टरमध्ये घरबसल्या, फुकट शोधता येतं. लॅक्स्टनचे पुष्कळसे मॅनव्हर्स या तिथल्या जुन्या जमीनदार घराण्याच्या दप्तरात, नॉटिंगहॅम विद्यापीठात निघतात. १७३३ पर्यंतचे कोर्टाचे कागद बहुतेक लॅटिनमध्ये. घाबरू नका, मोडीसारखंच आहे. मायना ठरलेला, दहा-बारा शब्द ओळखीचे झाले की गाडी चालते.

तारखांना जपा. एका जोडप्याचं लग्न मे १७०१ मध्ये आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७०१ मध्ये बघून मी दोन दिवस भलतेच तर्क करत बसले. तेव्हा इथलं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं! म्हणजे फेब्रुवारी मे नंतर आला, आणि बाळ अगदी वेळेवर. ही पद्धत १७५२ मध्ये बदलली. त्याआधीच्या जानेवारी ते मार्चच्या नोंदींपुढे मी आता दोन्ही सालं लिहिते.

जमलं तर नोव्हेंबरअखेरीस लॅक्स्टनला जा. मॅनरचं कोर्ट अजून भरतं. पंच गव्हाच्या शेतात फिरून खुंट्या ठोकतात आणि कुणी हद्द ओलांडून नांगर घातलाय का ते बघतात. आपल्याकडे ज्याला बांध कोरणं म्हणतात, तेच. फक्त इथे बांधच नाही. दंड पुढच्या आठवड्यात गावातल्या डव्हकोट इनमध्ये ठरतो. गमबूट न्या, माती भयंकर चिकट आहे.