आधीच्या मालकाची थकलेली घरपट्टी तुमच्या दारात आली तर काय करावे

रीसेलचा फ्लॅट घेऊन राहायला गेलो, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. फेब्रुवारीत महापालिकेचा माणूस घरपट्टीची नोटीस घेऊन आला. नाव आधीच्या मालकांचं, रक्कम चार वर्षांची. "हे आमचं नाव नाही, मी कशी घेऊ?" असं बायकोने विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, नाव नका बघू, मिळकत क्रमांक बघा."

त्या माणसाने कायद्याचं सार सांगितलं होतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १४१ प्रमाणे थकलेला मालमत्ता कर हा त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. त्याच्या पुढे नंबर लागतो तो फक्त सरकारी जमीन महसुलाचा. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, तिथे हीच तरतूद कलम २१२ मध्ये. म्हणजे विकणारा गाव सोडून गेला तरी बाकी घरातच राहते. पण म्हणून लगेच गूगल पे उघडू नका.

१. आधी कागद वाचा, मग घाबरा

मिळकत क्रमांक, विंग, फ्लॅट नंबर तुमचाच आहे ना? बी-३०२ ची नोटीस ए-३०२ ला येणं अजिबात दुर्मीळ नाही. मग थकबाकी कोणत्या वर्षांची, मूळ कर किती आणि शास्ती (म्हणजे उशिराचा दंड) किती, हे वेगळं काढा. शास्ती महिन्याला २ टक्के चढते, म्हणजे वर्षाला २४. चार वर्षं पडून राहिलेल्या बिलात शास्तीच मूळ कराच्या जवळ जाऊन बसते. वर्षनिहाय तपशील बिलावर नसेल तर करसंकलन कार्यालयातून थकबाकीचा उतारा मागून घ्या. पुढचा सगळा हिशोब याच कागदावर चालतो.

मुंबईत एक गंमत आहे. कित्येक जुन्या इमारतींचं बिल अख्ख्या सोसायटीच्या नावाने येतं. तिथे आधीच्या मालकाची बाकी महापालिकेकडे दिसणारच नाही, ती सोसायटीच्या खातेवहीत असते. तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या आधी सेक्रेटरींना गाठा.

२. भाडेकरू असाल तर

तुमचं काम सोपं आहे. मालक भरत नसेल तर महापालिका राहणाऱ्याकडे बिल पाठवू शकते, हे खरं. पण १९४९ च्या अधिनियमातल्या कलम १४० मध्ये दोन कुंपणं घातली आहेत: एक वर्षाहून जुनी थकबाकी राहणाऱ्याकडून वसूल करता येत नाही, आणि तुम्ही तिथे राहतच नव्हता त्या काळाचीही नाही. नोंदणीकृत भाडेकराराची प्रत जोडून तसा अर्ज द्या आणि मालकालाही कळवा. तुमच्या काळातला कर तुम्हाला भरावा लागलाच, तर तो मालकाकडून भाड्यात वळता करून घेता येतो.

३. मालक असाल तर तारखेची रेघ ओढा

खरेदीखत काढा आणि दोन तारखा शोधा: व्यवहाराची आणि ताब्याची. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर विकणाऱ्याने भरायचे असतात. बहुतेक खरेदीखतांत "आजपर्यंतचे सर्व कर, पट्ट्या लिहून देणार यांनी भरलेले असून काही बाकी निघाल्यास त्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील" अशा अर्थाचं कलम असतंच. सही करताना हे कोणी वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. नंतर तेच उपयोगी पडलं.

विक्रीच्या तारखेआधीची रक्कम त्यांची, नंतरची तुमची. तुमच्या वाट्याची लगेच भरून टाका, निदान तिच्यावर तरी शास्ती नको.

४. विकणाऱ्याला लेखी कळवा

आधी फोन करा, माणूस बरा असेल तर तेवढ्यावर भागतं. आमच्या वेळी "हो हो, बघतो" यात तीन आठवडे गेले. मग रजिस्टर पोस्टाने पत्र धाडलं: नोटिशीची प्रत, वर्षनिहाय रक्कम, खरेदीखतातलं कलम आणि १५ दिवसांची मुदत. पत्रात आणखी एक मुद्दा जरूर घाला. मिळकत विकल्यावर तीन महिन्यांत महापालिकेला कळवायची जबाबदारी विकणारा आणि घेणारा दोघांचीही असते, आणि विकणाऱ्याने कळवलं नाही तर कर भरण्यातून त्याची सुटका होत नाही. हे वाचल्यावर बरेच जण जागे होतात.

५. तो दाद देत नसेल तर: भरायचं की भांडायचं?

इथे जरा थांबून विचार करा. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या एका प्रकरणात, याच १९४९ च्या कायद्याखाली, खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला होता. पैसे मोजून, थकबाकीची कल्पना नसताना मिळकत घेणाऱ्यावर तो बोजा लादता येत नाही, असं त्याचं सार. वाचून बरं वाटतं. पण "कल्पना नव्हती" हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं, आणि मिळकत क्रमांक टाकला की थकबाकी मोबाईलवर दिसण्याच्या आजच्या काळात ते अवघड आहे. रक्कम मोठी असेल, लाखांत असेल, तर वकिलाला हा निकाल जरूर दाखवा. वीस-पंचवीस हजारांसाठी मी तरी कोर्टाची पायरी चढणार नाही.

भरायचं ठरवलं तर हक्क राखून भरा. "ही थकबाकी आधीच्या मालकांच्या काळातील असून, त्यांच्याकडून वसुलीचा माझा हक्क अबाधित ठेवून भरणा करत आहे" असं पत्र देऊन पोचप्रतीवर आवक शिक्का घ्या. भरणा तुमच्याच खात्यातून करा. दुसऱ्याने भरायची रक्कम स्वतःचं हित सांभाळण्यासाठी भरावी लागली, तर ती परत मागायचा हक्क भारतीय करार कायद्याचं कलम ६९ देतं. दाव्याची मुदत भरणा केल्यापासून तीन वर्षं.

त्याआधी खिडकीवर दोन गोष्टी विचारा: सध्या अभय योजना चालू आहे का, आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवता येईल का. अभय योजनेत शास्तीचा मोठा भाग माफ होतो, मूळ कर मात्र भरावाच लागतो. मार्चअखेर जवळ आली की वसुलीची धामधूम सुरू होते. पुण्यात तर थकबाकीदारांच्या दारात बँडही वाजवून झालाय. नव्या शेजाऱ्यांशी ओळख व्हायची ही पद्धत नव्हे, तेव्हा जप्तीच्या नोटिशीपर्यंत ताणू नका.

६. नाव लावून घ्या

हा टप्पा लोक हमखास विसरतात. सब-रजिस्ट्रारकडे दस्त नोंदला म्हणजे घरपट्टीवर नाव आपोआप लागतं, असं धरून चालू नका. अर्ज, खरेदीखत, सूची क्रमांक दोन (दस्त नोंदणीचा उतारा, इंडेक्स-२), शेवटची कर पावती आणि सोसायटीचं पत्र घेऊन हस्तांतरणाची नोंद करा. थकबाकी असेल तर सहसा हा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून आधीचे पाच टप्पे. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला करात ४० टक्के सवलत मिळते. ती तुमच्या बिलात दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरा.

गावात घर घेतलं असेल तर महापालिकेऐवजी ग्रामपंचायत. नमुना ८ चा (कर आकारणीचा) उतारा काढा, मागणी नमुना ९ मध्ये बघा आणि विकणाऱ्याकडून नमुना १० च्या पावत्या मागा. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी यांची बाकी वेगवेगळी विचारा. घरपट्टी चुकती आणि पाणीपट्टी सहा वर्षं थकलेली, असंही निघतं.

नाव बदलल्यावर एप्रिलमध्ये येणारं पहिलं बिल जपून तपासा. आमच्या बिलावर नाव बदललं होतं, पण भरलेली थकबाकी पुन्हा छापून आली होती. पावती आणि ती आवक शिक्क्याची प्रत घेऊन गेल्यावर दहा मिनिटांत दुरुस्त झाली.