जुन्या जीपचे अडकलेले स्टीअरिंग चाक आणि बंद पडलेला हॉर्न

महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अमेरिकेच्या विलिज कंपनीच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-3बी प्रकारच्या जीप शेतमळ्यांपासून सरकारी खात्यांपर्यंत वर्षानुवर्षे राबल्या. अशी एखादी गाडी दुरुस्तीला घेतली की दोन तक्रारी अनेकदा जोडीने येतात: स्टीअरिंगचे चाक शाफ्टवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर) गंजून घट्ट बसलेले असते आणि हॉर्न वाजत नाही. हॉर्नची तार शाफ्टच्या पोकळ नळीतूनच वर जात असल्याने दोन्ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. तरीही सुरुवात हॉर्नच्या तपासणीपासून करावी, कारण पुष्कळदा चाक काढण्याची गरजच उरत नाही.

या जीपमध्ये हॉर्नला बॅटरीचा पुरवठा सतत असतो आणि बटण दाबल्यावर फक्त अर्थ (गाडीच्या धातूच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परतणारी विजेची वाट) जोडला जातो. हॉर्नची दुसरी तार कॉलमवरच्या (शाफ्टभोवतीच्या स्थिर नळीवरच्या) ब्रशपर्यंत येते, हा ब्रश म्हणजे वीज पोचवणारा संपर्काचा तुकडा शाफ्टबरोबर फिरणाऱ्या कड्याला टेकलेला असतो आणि कड्यापासून तार नळीतून बटणाकडे जाते. म्हणून प्रथम ती दुसरी तार हॉर्नपासून सोडवावी, त्या जागी एक सुटी तार जोडून तिचे टोक इंजिनच्या स्वच्छ धातूला क्षणभर टेकवावे. हॉर्न वाजला तर तो निर्दोष आहे. वाजला नाही तर पुरवठा तपासावा, आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्कबिंदू) बारीक पॉलिश पेपरने घासावेत आणि समायोजनाचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवावा.

हॉर्न चांगला असेल, तर टेस्ट लॅम्पचे (दोन तारा जोडलेल्या तपासणीच्या दिव्याचे) एक टोक बॅटरीच्या पुरवठ्याला आणि दुसरे ब्रशकडे जाणाऱ्या तारेला लावून बटण दाबावे. दिवा लागला नाही तर ब्रश आणि कडे स्वच्छ करावे. बटण न दाबताच लागला तर नळीतल्या तारेचे आवरण झिजून ती धातूला टेकली आहे, असे समजावे. नव्याने रंगवलेल्या गाडीत आणखी एक शक्यता असते. स्टीअरिंग बॉक्स (शाफ्टच्या खालच्या टोकाची गिअरची पेटी) आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांच्यामध्ये रंगाचा जाड थर बसल्याने कॉलमला अर्थच मिळत नाही. बोल्टखालचा रंग खरवडला, किंवा बॉक्सपासून चासीपर्यंत अर्थची पट्टी जोडली की हॉर्न पूर्ववत वाजू लागतो.

तार बदलायचीच असेल तर मात्र चाक काढावे लागते. बॅटरीची जोडणी सोडवावी, पुढची चाके सरळ ठेवावीत आणि बटण व त्याखालची स्प्रिंग कोणत्या क्रमाने बसली आहे याचा फोटो काढून ती बाजूला करावीत. चाकाचा मधला भाग आणि शाफ्ट यांवर पंचाने एकाच रेषेत खूण करावी, म्हणजे ते पुन्हा त्याच खाचांत बसवता येते. नट पूर्ण न काढता शाफ्टच्या टोकाशी समतल येईल इतकाच सैल करावा. त्याने आटे वाचतात आणि चाक अचानक सुटून तोंडावर येत नाही. खाचांत गंज सोडवणारे तेल सोडून गाडी रात्रभर तशीच ठेवावी.

पुलरचे (घट्ट बसलेला भाग स्क्रूच्या जोराने ओढून काढणाऱ्या अवजाराचे) पाय चाकाच्या मधल्या लोखंडी भागामागे अडकवावेत, कडेला किंवा आऱ्यांना कधीही नाही, कारण जुने प्लास्टिक तडकते. शाफ्ट पोकळ असल्याने पुलरचा स्क्रू नळीत शिरू नये म्हणून मध्ये जाड पोलादी चकती ठेवावी. ताण देऊन थांबावे, मधल्या भागाच्या बाजूवर हातोडीने हलके ठोकावे, पुन्हा थोडा ताण द्यावा. शाफ्टच्या टोकावर घण मारण्याची सवय काही गॅरेजांत दिसते. ती अत्यंत घातक आहे, कारण तो धक्का थेट स्टीअरिंग बॉक्समधल्या बेअरिंगांवर जातो आणि चाकाहून कितीतरी महाग भाग निकामी होतो. उष्णता द्यावीच लागली तर हीट गनने फक्त धातूला द्यावी. गॅसच्या ज्योतीने चाकही जळते आणि तारेचे आवरणही.

चाक निघाल्यावर जुन्या तारेच्या टोकाला नवी तार घट्ट बांधून नळीतून ओढून घ्यावी, तिच्यावर इन्सुलेशनची नळी चढवावी आणि कड्याजवळ पक्के सोल्डर करावे. खाचांना अगदी पातळ ग्रीस लावून चाक खुणेवर बसवावे व नट पूर्ण आवळावा. बॅटरी जोडल्यावर स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत मध्ये मध्ये बटण दाबून पाहावे: प्रत्येक स्थितीत हॉर्न वाजला पाहिजे आणि बोट उचलताच बंद झाला पाहिजे.