एचबीएसएजी एलायझासाठी किटबाहेरचा कंट्रोल कसा बनवावा

एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. ते रक्तात शोधणाऱ्या एलायझा (एन्झाइमने रंग आणणारी चाचणी) किटमधला पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे पडताळणीसाठी लावायचं खात्रीचं पॉझिटिव्ह सॅम्पल, तगडा असतो. किट बरंच मंदावलं तरी तो पास होतो आणि कमी ताकदीचं पॉझिटिव्ह सॅम्पल मात्र निसटतं. रक्तपेढीत असं एकही सॅम्पल निसटणं परवडणारं नाही. म्हणून प्रत्येक रनमध्ये (चाचणीच्या प्रत्येक फेरीत) कटऑफजवळचा, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमारेषेजवळचा, आपला कंट्रोल लावा.

खात्रीचं पॉझिटिव्ह सीरम निवडा. ते एचआयव्ही आणि एचसीव्हीला (हिपॅटायटिस सी विषाणू) निगेटिव्ह हवं. आधी दहापट, मग दुप्पट-दुप्पट पातळ करा, पण निगेटिव्ह मानवी सीरममध्येच. सलाइनमधला कंट्रोल रुग्णाच्या सॅम्पलसारखा वागत नाही. ओडी (यंत्राने मोजलेली रंगाची तीव्रता) भागिले कटऑफ हे गुणोत्तर 2 ते 3 आलं की ते प्रमाण पक्कं करा. टिकवण्यासाठी सोडियम अझाइड अजिबात घालू नका: ते किटमधलं रंग आणणारं पेरॉक्सिडेज एन्झाइम मारतं आणि ओडी खाली येतो. त्याऐवजी 0.05 टक्के ब्रॉनिडॉक्स हे प्रिझर्व्हेटिव्ह चालतं. अर्ध्या मिलीच्या व्हायल उणे 20 अंशांवर ठेवा, वितळलेली पुन्हा गोठवू नका. हे सगळं संसर्गजन्य धरूनच हाताळा.

आता या कंट्रोलमध्ये एचबीएसएजी किती आहे ते ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेचं तिसरं आंतरराष्ट्रीय मानक (कोड 12/226) दर व्हायल 47.3 आययूचं (आंतरराष्ट्रीय एकक) आहे. ते मोजकंच मिळतं, म्हणून रोजच्या कामाला त्याच्याशी ताडून मूल्य ठरवलेलं दुय्यम मानक घ्या. त्याचे 0.5, 0.25, 0.125 आणि 0.0625 आययू प्रति मिली असे टप्पे एकाच प्लेटवर लावून आलेख काढा आणि आपला कंट्रोल त्यावर वाचा. दोन वेगळ्या किटवर ओडी-कटऑफ गुणोत्तर सारखंच, समजा 2.6, आलं तरी त्याचा अर्थ एकसारखा नसतो. आययूमध्ये मात्र तुलना करता येते. युरोपात किटने 0.130 आययू प्रति मिली पकडलंच पाहिजे, असा नियम आहे.

वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या टेक्निशियनकडून 20 रन करून घ्या. समजा, गुणोत्तराची सरासरी 2.6 आणि एसडी (प्रमाण विचलन) 0.26 आला. मग 2 एसडीची पट्टी 2.08 ते 3.12, तर 3 एसडीची 1.82 ते 3.38. आज 1.9 आलं तर सावध व्हा, उद्याही 1.95 आलं तर रन रद्द. सलग 10 बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले तर किटचा लॉट (उत्पादनाची खेप) बदलला का, इन्क्युबेटर खरोखर 37 अंशांवर आहे का, ते पाहा. अचानक उडी दिसली तर आधी वॉशरच्या (प्लेट धुणाऱ्या यंत्राच्या) सुया तपासा. एखादी तुंबलेली असते. फ्रिजमधून काढलेलं किट अर्धा तास बाहेर न ठेवता वापरलं तरी ओडी पडतो.

जुन्या कंट्रोलच्या 20 व्हायल उरल्या की नवा बनवायला घ्या आणि दोन्ही एकाच प्लेटवर 20 रन चालवा.