घरातल्या वाय-फायवर गाणे तुटते तेव्हा

संगणकावर किंवा घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) साठवलेले संगीत वाय-फायवरून स्पीकरपर्यंत नेताना मध्येच तुटू लागले, की बहुतेक जण आधी इंटरनेटचा प्लॅन वाढवून घेतात. हा खर्च वाया जातो, कारण घरातल्या डिस्कवरचे गाणे स्पीकरकडे जाताना इंटरनेटच्या वाटेला जातच नाही. शिवाय संगीताला लागणारा वेगही फार नसतो. सीडीच्या दर्जाचा ध्वनी सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट एवढी जागा घेतो, फ्लॅक (दर्जा न गमावता आवळलेल्या) फाइलमध्ये त्याहूनही कमी, आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण न आवळता पाठवले तरी ते ९.२ मेगाबिटच्या आसपास राहते. संगीताला हवे असते ते सातत्य. स्पीकर पुढच्या काही सेकंदांचा साठा जवळ बाळगून वाजत असतो, आणि तो साठा संपेपर्यंत नवा माल पोहोचला नाही की विलंबित ख्यालातला एखादा लांब स्वर मधोमध कापला जातो.

म्हणून दुरुस्तीआधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे. स्पीकरला किंवा प्लेअरला लॅन केबलची सोय असेल, तर एक लांब केबल राउटरपासून जमिनीवरून तात्पुरती ओढून तासभर ऐकावे. तरीही गाणे तुटले, तर स्पीकरच्या बाजूच्या वाय-फायला दोष देता येत नाही. फाइल, अ‍ॅप, डिस्क किंवा गाणी जिथून येतात त्या टोकाचे वाय-फाय यांच्याकडे वळावे. गाणे सुरू करताना पहिल्यांदाच काही सेकंद खोळंबा होत असेल, तर नॅसची हार्ड डिस्क झोपेतून उठत असण्याची शक्यता मोठी असते आणि ती झोपण्याची वेळ सेटिंगमध्ये वाढवता येते. केबल लावल्यावर तुटणे थांबले, तर दोष हवेतल्या प्रवासात आहे. याची खातरजमा करण्यासाठी लॅपटॉप स्पीकरच्या शेजारी ठेवून राउटरच्या पत्त्यावर पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवावे. उत्तरे काही मिलिसेकंदांत येत असताना अधूनमधून शेकडो मिलिसेकंद लागू लागले किंवा उत्तरच आले नाही, आणि त्याच क्षणी आवाजही गेला, तर शंका उरत नाही.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असूनही सहज नजरेआड होते. गाण्यांचा लॅपटॉप वाय-फायवर आणि स्पीकरही वाय-फायवर असेल, तर प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून स्पीकरकडे, असे दोनदा हवेतून जाते. दोन्ही उपकरणे एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावर) असतील, तर दोन्ही फेऱ्या त्याच चॅनेलवरचा, म्हणजे त्या पट्ट्यातल्या एकाच वाटेवरचा, वेळ खातात. माझ्या घरी मी कितीतरी दिवस स्पीकरची जागा बदलत राहिलो. तुटणे थांबले ते गाण्यांचा संगणक केबलने राउटरला जोडल्यावर, आणि स्पीकर तर आजही बिनतारीच आहे. दोनपैकी एकच टोक केबलवर आणणे शक्य असेल, तर गाणी जिथे साठवली आहेत ते टोक आणावे. गाणे फोनमधूनच पाठवले जात असेल, तर फोन हेच उगमस्थान ठरते. अशा वेळी फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे निर्बंध काढावेत, नाहीतर पडदा बंद झाल्यावर फोन ते अ‍ॅप थांबवू शकतो.

आता बँडविषयी. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून बरा जातो, पण इमारतीतल्या शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे तिथेच असतात. जेवण गरम करण्याच्या वेळीच गाणे तुटत असेल, तर कारण स्वयंपाकघरात आहे. या बँडवर राहणे भाग असेल, तर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि १, ६ किंवा ११ यांपैकी जो कमी गर्दीचा असेल तो निवडावा. ३ किंवा ४ निवडल्यास दोन्ही बाजूंच्या चॅनेलशी टक्कर होते. स्पीकरला ५ गिगाहर्ट्झ चालत असेल आणि तो राउटरपासून एखाद-दुसऱ्या भिंतीच्या अंतरावर असेल, तर मी तोच बँड निवडेन. मात्र तिथे ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला प्राधान्य आहे. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो, आणि त्याच गटातल्या नव्या चॅनेलवर सुरू होण्याआधी निदान मिनिटभर कानोसा घ्यावा लागतो. कारण न कळता अधूनमधून सगळीच उपकरणे एकदम सुटत असतील, तर ३६ ते ४८ मधला चॅनेल ठरवून द्यावा.

राउटर टीव्हीच्या मागे, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल, तर तो आधी मोकळ्यावर आणावा. धातू, आरसा आणि पाण्याची टाकी लहरींना फार अडवतात. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीही तेच करतात. अशा घरात स्वस्त रिपीटर लावण्याचा मोह टाळावा, कारण एकाच रेडिओचा रिपीटर प्रत्येक पॅकेट ऐकून पुन्हा बोलतो आणि उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. दुसऱ्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेले नेटवर्क वाय-फायने पुरवणारे उपकरण) लावणे हा त्याहून खूप भरवशाचा मार्ग आहे.

इंटरनेट कंपनीच्या फायबरच्या डब्यातही वाय-फाय असते, आणि वर आपण स्वतःचा राउटर लावतो. फोन एकाला आणि स्पीकर दुसऱ्याला जोडला गेला, की अ‍ॅपमध्ये स्पीकर कधी दिसतो, कधी दिसत नाही. आपल्या राउटरचे वाय-फाय सगळ्या घराला पुरत असेल, तर डब्याचे बंद करावे आणि स्पीकरसाठी राउटरमध्ये नेटवर्कवरचा एक ठरलेला पत्ता राखून ठेवावा. गाणे दर ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ बरोबर तासातासाला, तुटत असेल, तर राउटरमधील सुरक्षा-किल्ली बदलण्याचा कालावधी पाहावा. अनेक ठिकाणी तो ३६०० सेकंद असतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर संध्याकाळी आठ ते अकरा या वेळात, शेजारपाजारची सगळी वाय-फाय जागी असताना, पूर्ण मैफल ऐकावी. तेवढ्या वेळात एकदाही खंड पडला नाही, तर पुढच्या सेटिंगला हात लावू नये.