पानांचा अर्क तपासताना या चुका टाळा: द्रावकाचे श्रेय वनस्पतीला देऊ नका

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी निर्गुडी निवडणारे विद्यार्थी पुण्यात मला दरवर्षी भेटतात. झाड ओढ्याकाठी सहज मिळते, पाने भरपूर येतात आणि वासावरून ओळखता येतात, त्यामुळे निवड चुकीची नाही. चुका पुढे होतात, आणि त्यांतील बहुतेक यंत्राच्या नसून ज्याच्याशी तुलना करायची तेच न मोजल्याच्या असतात.

पहिली चूक ओळखीची. पेठेतील काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला चुरा हा नमुना नव्हे. फुलांसह फांदी दाबून वाळवावी आणि कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या संस्थेकडून ती प्रमाणित करून घ्यावी. हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहाचा) नोंद क्रमांक प्रबंधात लिहावा.

वाळवणीत घाई नको. निर्गुडीच्या पानांत बाष्पनशील तेल असते, त्यामुळे कडक उन्हात किंवा तापलेल्या ओव्हनमध्ये त्याचा मोठा भाग उडून जातो. सावलीत पातळ थर पसरणे उत्तम. मात्र पुण्यातील जुलै-ऑगस्टमध्ये नुसती सावली पुरत नाही, पानांवर बुरशी धरते आणि मग आपण पानाऐवजी बुरशीचाही अर्क तपासतो. अशा वेळी ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, वारा खेळता ठेवून वाळवावे.

आता खरी मेख. विद्यार्थिदशेत माझ्या इथेनॉल अर्काभोवती स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या थरात स्वच्छ, जिवाणू न वाढलेले वर्तुळ उमटले, तेव्हा पेट्री डिश मी प्रयोगशाळाभर मिरवली होती. मार्गदर्शकांनी एवढेच विचारले की, नुसत्या इथेनॉलची विहीर (आगरच्या थरात नमुना घालण्यासाठी पाडलेले भोक) कुठे आहे? दुसऱ्या दिवशी ती केली, आणि तिच्याभोवतीही वर्तुळ आले, जवळजवळ तेवढेच. अर्क आटवताना मी घाई केली होती. बाटली नाकाशी नेली असती तरी उरलेल्या द्रावकाचा वास आला असता. अर्क स्थिर वजन येईपर्यंत आटवावा, तो डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवावा आणि त्याच प्रमाणात फक्त ते द्रावक असलेली विहीर प्रत्येक डिशमध्ये ठेवावी. शेजारी प्रमाणित प्रतिजैविकही हवे. उलट बाजूही लक्षात घ्यावी: तेलकट, पाण्यात न मिसळणारे घटक आगरमध्ये नीट पसरत नाहीत, म्हणून वर्तुळ न येणे म्हणजे गुण नसणे असे नव्हे. दोन अर्कांची तुलना वर्तुळाच्या मिलिमीटरवर न करता द्रव माध्यमातील किमान प्रतिबंधक संहतीवर, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणाऱ्या अर्काच्या सर्वांत कमी प्रमाणावर, करावी. जिवाणूंचे प्रमाणित वाण पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या सूक्ष्मजीव-संग्रहातून मिळतात. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या अनोळखी नळीवर विसंबू नये.

अर्काचा अँटिऑक्सिडंट गुण मोजणाऱ्या डीपीपीएच चाचणीत रंग फसवतो. डीपीपीएच हे जांभळ्या रंगाचे रसायन आहे. जांभळे द्रावण अँटिऑक्सिडंटमुळे फिके होऊन पिवळसर होते आणि हा बदल ५१७ नॅनोमीटरला मोजतात. पण गडद हिरवा अर्क त्याच ठिकाणी स्वतःही थोडा प्रकाश शोषतो, त्यामुळे रीडिंग वाढते आणि गुण असूनही तो कमी दिसतो. प्रत्येक संहतीसाठी अर्क आणि मिथेनॉल, पण डीपीपीएच नाही, अशी एक नळी ठेवून तिचे रीडिंग वजा करावे. पाण्यातील अर्क मिथेनॉलमध्ये घालताच गढूळपणा आला, तर आधी तो गाळावा किंवा सेंट्रिफ्यूज करावा; गढूळ नळीचे आकडे रंगाचे नसतात. द्रावण त्याच दिवशी तयार करावे आणि अर्धा तास अंधारात ठेवावे. खिडकीपाशी उजेडात ठेवलेल्या नळ्या अर्काविनाही फिक्या होतात.

हीच गफलत जिवंत पेशी किती उरल्या हे रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत उलट्या वेषात येते. अर्कातील क्षपणकारी (इलेक्ट्रॉन देणारे) घटक पेशी नसतानाही पिवळ्या एमटीटीचे जांभळे फॉर्माझान करतात, आणि मेलेल्या पेशी जिवंत असल्याचा आभास होतो. त्यासाठी पेशी नसलेली, फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी असलेली विहीर अनिवार्य आहे. एमटीटी घालण्याआधी विहिरीतला अर्क धुऊन काढणे आणखी बरे.

शेवटी पुनरावृत्ती. एकाच बाटलीतल्या अर्काचे तीन विहिरींतील आकडे मिळून एकच प्रयोग होतो. त्यांतून हाताची सफाई कळते, वनस्पतीचा गुण नाही. वेगळ्या दिवशी, वेगळ्या झाडांची पाने तोडून, नव्याने अर्क काढून किमान तीनदा चाचणी करावी. वेळ थोडा असेल तर चाचण्यांची संख्या कमी करावी, पण ही अट सोडू नये.