दिवस गेलेत आणि रविवारचा ग्रुप सोडवत नाही? मग असं धावा

पहाटे साडेपाचला बेळगावच्या कॅम्पात किंवा टिळकवाडीत चक्कर मारली की रंगीत टी-शर्टातले घोळके दिसतातच. त्यात बायकाही आता बऱ्याच असतात. त्यातल्या एखादीला दिवस गेले की दोन्हीकडून सल्ले सुरू होतात. घरी सासूबाई म्हणतात, "आता पुरे झालं ते धावणं." ग्रुपमधलं कुणी म्हणतं, "काही होत नाही गं, ये तू बिनधास्त." दोघांचंही अर्धंच खरं. गरोदरपण निरोगी असेल तर सवयीच्या धावण्यानं बाळाला धोका नसतो. जपायचं असतं ते दुसऱ्याच्या वेगानं धावण्यापासून, आणि ग्रुपमध्ये नेमकं तेच होतं. पुढची सरकली की आपले पाय आपोआप तिच्यामागे जातात. म्हणून इथे भर आहे तो ग्रुपला आपल्या वेगाशी कसं जुळवून घ्यायला लावायचं यावर.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं आधीपासून नेमानं धावणाऱ्या बाईसाठी आहे. आजवर कधी धावला नसाल तर गरोदरपणात सुरुवात करू नका. भरभर चाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये गरोदर बायकांसाठी आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, आणि तो चालण्यानंही पुरा होतो.

आधी डॉक्टर, पण प्रश्न नीट विचारा

"डॉक्टर, धावू का?" एवढंच विचारलं तर "कशाला उगाच?" हेच उत्तर येणार. तुम्ही काय आणि किती धावता हे समोरच्याला माहीतच नसतं. त्यापेक्षा असं विचारा: "मी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर धावते, बोलता येईल इतक्या वेगानं. माझ्या रिपोर्टांत असं काही आहे का, ज्यामुळे थांबावं?" आता डॉक्टरांना उत्तर देण्यासारखं काही हातात मिळतं.

थांबावं लागेल अशी कारणं ठरलेली आहेत. अंगावरून रक्त जात असेल, बीपी वाढलेलं असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, पाणी गेलं असेल, वेळेआधी कळा येण्याची भीती असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, तर धावणं बंद. जुळं असेल तर डॉक्टरांनी स्पष्टपणे हो म्हटल्याशिवाय धावू नये. वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली आहे का, हे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बघतात. तेव्हा खाली असलेली वार पुढे बहुतेक वेळा वर सरकते, पण ती सरकल्याचं कळेपर्यंत धावायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. म्हणून त्या तपासणीनंतर हाच प्रश्न पुन्हा एकदा विचारा.

आणि हिमोग्लोबिन! आपल्याकडे हाच मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. ११ च्या खाली आकडा गेला की रक्त कमी समजतात आणि ७ च्या खाली गेलं तर व्यायामाचा विषयच संपतो. पहिल्या किलोमीटरलाच धाप लागत असेल तर ती "आता वजन वाढलंय ना" म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात नोंद असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजकडचं असेल आणि बाळंतपणाला पलीकडे महाराष्ट्रात जायचं असेल, तर तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड) आणि सगळे रिपोर्ट एकाच फाईलमध्ये ठेवा. राज्य बदललं म्हणून तपासण्या पहिल्यापासून करायची वेळ यायला नको.

"धावल्यानं पोटातलं हलेल, पडेल" ही सासूबाईंची भीती खोटी ठरवत बसू नका, पण तिचं उत्तर माहीत असू द्या. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, धक्के तिथपर्यंत फार पोचत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांतले गर्भपात मोठ्या प्रमाणावर गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, धावण्यामुळे नाही. सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे बरोबर न्या. आपण दहा वेळा सांगण्यापेक्षा ते लवकर पटतं.

ग्रुपमध्ये कुणाला, काय सांगायचं

तिसरा महिना संपेपर्यंत बातमी सगळ्यांना द्यायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि द्यायलाच हवी असंही नाही. पण ग्रुप चालवणाऱ्या एकाला आणि रोज शेजारी धावणाऱ्या एका बाईला पहिल्या दिवसापासून माहीत हवं. चक्कर आली तर कारण कळायला कुणीतरी लागतं. पुरुष कप्तानाला सांगायला संकोच वाटत असेल तर मैत्रिणीकरवी सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं पुरे:

"सर, मला दिवस गेलेत. डॉक्टरांनी हळू धावायला परवानगी दिली आहे. मी आता मागच्या गटात धावेन, स्पीडचे दिवस आणि चढ करणार नाही. सध्या बाकी कुणाला सांगू नका."

या चार वाक्यांत चार गोष्टी ठरून जातात. सगळ्यात महत्त्वाची मागच्या गटाची. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपांत "मागे कुणी राहू नये" असा एक अलिखित हट्ट असतो. पुढे गेलेले वळून येतात, टाळ्या वाजवतात, "चला ताई, अजून थोडं!" म्हणतात. मनानं चांगलेच लोक, पण गरोदर बाईला या टाळ्यांचाच त्रास जास्त. कप्तानाला आधीच सांगून ठेवा की मला ओढायचं नाही.

सोबतीण मात्र पक्की करा. तुमच्या वेगानं धावायला तयार असलेली, तुम्ही चालायला लागलात तर चालणारी, आणि तिचा स्वतःचा नंबर बिघडला म्हणून कुरकुर न करणारी. अशी बाई मिळणं सोपं नाही हे मान्य. दोघी-तिघींनी वार वाटून घेतले तर जमतं.

धावणं झाल्यावर ग्रुपमध्ये जे कसरतीचं सत्र होतं, त्यातून उड्या, सिट-अप्स आणि बर्पी वगळा. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर सपाट पडून स्ट्रेचिंगही करू नका. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून गरगरतं. भिंतीला हात टेकून उभ्यानं करा.

वेग: घड्याळ झाकून ठेवा

गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि बसल्या जागी नाडीही मिनिटाला १०-२० ठोक्यांनी जास्त पडते. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचे हृदयगतीचे पट्टे आता कामाचे नाहीत. जुनी आणि भरवशाची कसोटी बोलण्याची. शेजारणीला कालच्या भाजीची कृती पूर्ण वाक्यांत सांगता आली पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की चाला. पूर्वी किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागत असतील तर आता साडेसात-आठ लागली तरी तेच बरोबर आहे. हा आकडा अ‍ॅपवर दिसतो आणि बोचतो, म्हणून अ‍ॅपवरची नोंद नऊ महिने खासगी ठेवा. शाबासकीचे अंगठे बाळाच्या वजनात धरत नाहीत.

पहिले तीन महिने मळमळ आणि झोप यांनी अर्धे दिवस जातात. त्या दिवशी गेलं नाही तरी काही बिघडत नाही. चौथा ते सहावा महिना बहुतेकींना सगळ्यात बरा जातो. सातव्यानंतर पाच मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं असं आलटूनपालटून करा, आणि ओटीपोटात किंवा जांघेत ओढल्यासारखं व्हायला लागलं की फक्त चाला. पोटाखालून आधार देणारा पट्टा काहींना बरा वाटतो, काहींना कचतो. घालून बघितल्याशिवाय कळत नाही. बूट मात्र अर्ध्या नंबरानं मोठे लागण्याची शक्यता धरा, पाय सुजतात. स्पोर्ट्‌स ब्राही दोन-तीन महिन्यांत बदलावी लागते.

२०२० च्या डिसेंबरमध्ये बंगळूरच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत पाच महिन्यांच्या एका गरोदर बाईनं ६२ मिनिटांत अंतर पुरं केलं, त्याच्या बातम्या देशभर झाल्या. ग्रुपमध्ये कुणीतरी तो दाखला देणारच. ती बाई कित्येक वर्षं रोज धावत होती, हे दाखला देणारा सांगत नाही.

रस्ता

बेळगावात या बाबतीत आपण सुदैवी आहोत. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली मातीची वाट आहे, आणि गोल फेऱ्या मारत असल्यामुळे कुठेही थांबलात तरी गेट जवळच. कॅम्पातले रस्ते रुंद आणि सावलीचे. गरोदरपणात फेरीचा मार्ग उत्तम. सरळ पाच किलोमीटर जाऊन परत यायचा रस्ता नको, मध्येच थांबावंसं वाटलं तर परतीचे पाच उरतातच.

येळ्ळूरचा राजहंसगड नऊ महिने विसरा. चढताना धाप लागते म्हणून नव्हे, उतरताना तोल जातो म्हणून. पोट पुढे आलं की शरीराचा तोल बदलतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे शेवाळ कुठे नसतं! जून ते सप्टेंबर किल्ल्याकडच्या दगडी उतारांवरून, फरशीवरून, रंगवलेल्या स्पीडब्रेकरवरून चालतच जा. ज्या दिवशी धुवांधार पाऊस असेल त्या दिवशी घरातल्या घरात फेऱ्या.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्या बायकांनी गाळपाच्या हंगामात मुख्य रस्ता टाळावा. पहाटेच्या धुक्यात डबल ट्रॉलीचा उसाचा ट्रॅक्टर येतो, मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो, आणि बाजूला उडी मारायची चपळाई आता तुमच्यात नाही. शाळेचं मैदान गाठा, कंटाळवाणं असलं तरी.

टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं तर पुतळ्यासारखं उभं राहू नका. पळता पळता एकदम थांबलं की रक्त पायात साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गाडी जाईपर्यंत जागच्या जागी पाय हलवत राहा.

कुत्री अंगावर आली तर पळू नका, थांबा, सोबतिणीच्या मागे व्हा. चावलंच तर रेबीजची लस गरोदरपणातही घ्यायचीच, त्यात चालढकल नको.

आणि लघवी. दर वीस मिनिटांनी लागते आणि वाटेत सोय नसते. फेरीच्या मार्गावर जिचं घर आहे अशा मैत्रिणीशी आधीच बोलून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. लघवी दाबून धावणं आणि ती लागू नये म्हणून पाणीच न पिणं, दोन्ही वाईट.

खाणं, पाणी, ऊन

उपाशीपोटी धावू नका. निघण्यापूर्वी एक केळं किंवा गुळाबरोबर अर्धी चपाती. धावल्यानंतर ग्रुपचा चहा असतोच. चहाला ना नाही, पण लोहाची गोळी त्या चहाबरोबर घेतलीत तर फारशी अंगी लागणार नाही. दोन्हींत दोन तास तरी अंतर ठेवा. नाचणीची आंबील, शेंगदाण्याची चटणी-भाकरी, अंडं, उसळ हे धावणाऱ्या गरोदर बाईचं खरं खाणं. कुंदा आहेच, पण साखरेची तपासणी होऊ द्या.

एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत घरी या. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत अंगातली उष्णता ३९ अंशांच्या वर जाणं बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीला घातक ठरू शकतं. ताप असेल त्या दिवशी धावणं नाही.

तिथल्या तिथे थांबायचं कधी

रक्त किंवा पाणी जाणं, नेमानं येणाऱ्या कळा, छातीत दुखणं, धावायच्या आधीच धाप, चक्कर, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, एकाच पोटरीला सूज आणि ठणका: यातलं काहीही झालं तर थांबा आणि दवाखान्यात जा. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तरी त्याच दिवशी दाखवा, उद्यावर टाकू नका.

पोटावर पडलात तर दुखत नसलं तरी तपासून घ्या. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे अधिकच महत्त्वाचं, कारण मग ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं. रक्तगट, डॉक्टरांचा आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवा, आणि ती तिथे आहे हे सोबतिणीला सांगा. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच आहे. फोनवर मात्र "नेहमीच्या वळणावर" सांगून चालत नाही. जवळचं देऊळ, शाळा किंवा पेट्रोल पंप सांगायचा.

बाळंतपणानंतर

शेवटच्या दोन महिन्यांत धावणं सुटलं तरी ग्रुप सोडायची गरज नाही. पाण्याच्या टेबलावर उभं राहायला आणि वेळ नोंदवायला माणूस नेहमीच कमी पडतो. फक्त बसायला खुर्ची मागून घ्या.

बाळंतपणानंतर धावायची घाई साधारण तीन महिने करू नका, सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तितकं जास्त. आधी अर्धा तास चालणं त्रासाशिवाय जमलं पाहिजे. खोकताना किंवा धावताना लघवी गळत असेल, खाली जड वाटत असेल, तर "बाळंतपणानंतर असं होतंच" म्हणून गप्प बसू नका, फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. पहिल्या दिवशी एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं करा. निघण्याआधी बाळाला पाजून घ्या, म्हणजे छातीही जड राहत नाही आणि घरून फोनही येत नाही.