जुना ट्रॅक्टर रंगवण्यापूर्वीची तयारी

रंगवलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर वर्षभरात फोड आले किंवा पोपडे निघू लागले, की दोष रंगाच्या डब्यावर ढकलला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा स्प्रे गन हातात घेण्यापूर्वीच्या दोन-चार दिवसांत, एखादे काम गाळल्यामुळे किंवा मागेपुढे केल्यामुळे, पत्र्यावर बसलेला असतो. पुढील यादी त्या दिवसांची असून तिचा क्रमही शक्यतो मोडू नये.

प्रथम गळती पाहावी. इंजिन, गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिकच्या ज्या सांध्यातून ऑइल झिरपते, तिथले सील आणि गॅस्केट रंगापूर्वीच बदलून घ्यावेत, कारण ओलसर सांध्यावर कोणताही रंग धरत नाही. त्यानंतर माती खरवडून, डिग्रीझर (ग्रीस काढणारे द्रव) लावून आणि ब्रशने घासून सर्व भाग धुवावेत. काचपेपर या धुलाईनंतरच हाती घ्यावा. आधी घासले तर पृष्ठभागावरचे ग्रीस पेपरच्या ओरखड्यांत दाबले जाते आणि मग ते सहजासहजी निघत नाही. शेवटची पुसणी दोन फडक्यांनी करावी: एक सॉल्व्हंटने भिजवलेले, तर दुसरे कोरडे, आणि दुसरे फडके सॉल्व्हंट उडून जाण्याच्या आत फिरवावे, नाहीतर विरघळलेले ग्रीस पुन्हा तिथेच बसते. या कामासाठी पेट्रोल मुळीच वापरू नये.

बिडाच्या भागांना अधिक वेळ द्यावा लागतो. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षांचे ऑइल मुरलेले असते. गरम हवेच्या गनने भाग हलका तापवला की ते घामासारखे बाहेर येते, आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत तापवणे व पुसणे चालू ठेवावे लागते. पत्रा स्वच्छ झाला की नाही, हे पाण्याने कळते. स्वच्छ पाणी ओतल्यावर ते एकसंध पापुद्र्यासारखे पसरले तर ठीक. ते तुटून थेंब धरू लागले तर तिथे तेलकटपणा उरला आहे. सिलिकॉन त्याहून त्रासदायक. मी एकदा मडगार्डला रंग मारत असताना त्याच शेडमध्ये टायर चमकवण्याचा स्प्रे वापरला गेला होता, आणि ओल्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडत गेले. अखेर सगळा रंग पुसून काढून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

जुना रंग ठेवायचा असेल तर आडबाजूला थिनरचे फडके काही क्षण दाबून पाहावे. रंग मऊ पडला, फुगला किंवा त्यावर सुरकुत्या आल्या, तर त्यावर तीव्र थिनरचा नवा रंग मारल्यास तेच घडेल. अशा वेळी तो खरवडून काढणेच माझ्या मते स्वस्त पडते. फार जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवू नये. पाणी वापरून घासावा आणि योग्य मास्क लावावा.

गंजाच्या बाबतीत तारेचा ब्रश फसवतो. तो वरचा गंज चकचकीत करतो, पण खड्ड्यांतला काळा गंज तसाच राहतो आणि नंतर तिथेच फोड येतो. जाड बिडावर किंवा रिमवर सँडब्लास्टिंग (दाबाच्या हवेने वाळू मारून साफ करणे) चालते. बॉनेटचा पातळ पत्रा मात्र त्याने वाकतो, आणि सील, बेअरिंग, रेडिएटर यांच्याजवळ वाळू नेणे म्हणजे नवे दुखणे ओढवून घेणे होय. फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक वापरल्यास त्यासोबतच्या सूचनेप्रमाणे ते धुऊन पूर्ण वाळवावे, कारण उरलेल्या आम्लावर इपॉक्सी प्रायमर (रंगाखाली मारायचा, दोन घटक मिसळून केलेला अस्तराचा थर) नीट धरत नाही.

जुना रंग उतरवण्यासाठी 80 नंबरचा पेपर, प्रायमरपूर्वी 180 च्या आसपासचा आणि रंगापूर्वी 320 ते 400 चा पुरेसा असतो. उडालेल्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी. डोळ्यांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. खड्डे भरण्याची पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी. साध्या प्रायमरमधूनही ओल आत शिरते, तेव्हा प्रायमर मारलेला ट्रॅक्टर पावसात किंवा दवात ठेवू नये.

झाकायच्या जागांमध्ये नंबर प्लेट, रबरी नळ्या, वायरिंग, ब्रीदर (इंजिन-गिअरबॉक्सच्या आतली हवा खेळती ठेवणारे तोंड) आणि अर्थिंगचे सांधे येतात. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग चढला तर उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. चाकाचा रिम हबला जिथे टेकतो तिथे जाड रंग ठेवू नये, कारण तो दबला की नट सैल पडतात. सायलेन्सरला उच्च तापमानाचाच रंग लागतो.

रंग मारण्याच्या दिवशी पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला दव बनू लागते त्यापेक्षा) किमान 3 अंश सेल्सिअसने जास्त असावे. दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी सकाळीच सोडावे, आणि पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून न बसवता थोडा दूर, हवा थंड झाल्यानंतरच्या जागी बसवावा. हार्डनरमध्ये (रंग कडक होण्यासाठी मिसळायच्या द्रवात) आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असल्यास कापडी मास्क निरुपयोगी ठरतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा.

केवळ डागडुजी करायची असेल तर रंगाचा नमुना उन्हात फिका पडलेल्या बॉनेटवरून न घेता टूलबॉक्सच्या आतून किंवा प्लेटखालून घेतला जातो. पण असा मूळ रंग फिक्या पत्र्यावर ठिगळासारखा दिसतो. म्हणून आधी शेजारचा भाग पॉलिश करून त्याच्याशी रंग जुळवावा, ओरखडा एका दमात न भरता पातळ थरांत भरावा, आणि संपूर्ण वाळल्यावरच 2000 नंबरच्या पेपरने पाण्यासोबत सपाट करावा.